माझ्या अंगात न मावलेला शब्द

मित्रांनो, आधी मला टेकून उभं राहणं सोडा. तुमच्या पाठीला खडू लागतो, तुमची आई मला शिव्या घालते, आणि माझ्या अंगावरची अर्धी सूचना तुमच्या शर्टावर बसून शाळेत जाते. जरा लांब सरका. हां, असे. आता ऐका.

मी फळा आहे. लाकडी, काळा आणि जुना. बोरिवलीच्या पश्चिमेला, गोराईच्या जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्याला आमची वसाहत आहे. तिथल्या बुद्धविहाराच्या बाहेरच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. हल्लीच्या त्या पांढऱ्याफटक, मार्करने लिहायच्या फळ्यांशी माझी तुलना करू नका. त्यांना मी फळे मानतच नाही. फ्रिजची दारं आहेत ती!

माझा जन्म भांडुपचा. एका सुतारानं सागाच्या फळ्या रंध्यानं तासून, सांधे जुळवून मला घडवलं. सांधा इतका बेमालूम, की बोट फिरवलं तरी कळू नये. मग रंगाचे हात दिले आणि मला एका शाळेत नेऊन लावलं. काय दिवस होते! एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी मुलांना काही विचारलं नाही, गुरुजींना काही विचारलं नाही, माझ्याकडे बघून म्हणाले, "फळा असावा तर असा." हेडमास्तर उगाचच लाजले. कौतुक माझं होतं.

पुढे शाळेत पडदे आले, चित्रं हलायला लागली, आणि मला जिन्याखाली मोडक्या बाकांच्या मागे कोंबलं. तिथे एका कबुतरीनं माझ्या चौकटीवर संसार थाटला. मित्रांनो, ज्या अंगावर समीकरणं सोडवली गेली त्या अंगावर कबुतरं काय काय करतात, हे मी तुम्हाला सांगणार नाही. लहान आहात.

तिथून मला सोडवलं शिवदासनं. शिवदास म्हणजे आमच्या विहार कमिटीचा सेक्रेटरी. टेम्पो चालवतो. शाळेत सामान पोचवायला गेला आणि येताना मला उचलून घेऊन आला. धुतला, रंगवला, आणि मधोमध ऑइलपेंटची एक पांढरी उभी रेघ मारली. रेघेच्या डावीकडे सुविचार, उजवीकडे सूचना.

सूचनांचा मजकूर शिवदासकडे एकच आहे. आमच्याकडे रीत अशी, की कुणाच्याही घरी कार्य असलं, तर घरटी दोन खुर्च्या द्यायच्या. म्हणून शिवदास वर नाव लिहितो, खाली वेळ, आणि त्याखाली "सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. घरटी दोन खुर्च्या आणाव्यात." बारसं असो, लग्न असो, नाहीतर शोकसभा असो, मजकूर तोच. एकदा समोरच्या घरातल्या सपनाच्या आईनं त्याला विचारलं होतं, "शिवदासभाऊ, निदान कशासाठी जमायचं ते तरी लिहा." तर म्हणतो, "वहिनी, ते सगळ्यांना माहीतच असतं ना!"

आता डावी बाजू. तिथे सुरुवातीला सुविचार यायचे. मग किरण रोकडे आला आणि माझ्या अंगाची वाट लागली.

रोकडे आधी तारखात्यात होता. लोकांच्या तारा घ्यायच्या आणि त्यातले फालतू शब्द कापून त्या आखूड करून द्यायच्या, हे त्याचं काम. आयुष्यभर त्यानं माणसांचे शब्द छाटले. ते खातं बंद पडलं, त्याला दुसरीकडे बसवलं, तिथे त्याला काही कामच नव्हतं. माणूस गप्प झाला. विहाराच्या पायरीवर येऊन बसायचा, माझ्याकडे बघत. मी तरी काय बोलणार? आणि एक दिवस उठला, खडू घेतला, आणि "आजचा शब्द" असं लिहून त्याखाली एक इंग्रजी शब्द लिहिला. सेस्क्विपेडेलियन. अर्थ: फार लांबलचक शब्द, मूळ अर्थ, दीड फूट लांबीचा.

आयुष्यभर छाटाछाटी केलेल्या माणसाला लांबीचं वेड लागलं होतं. त्या दिवसापासून रोज सकाळी आंघोळ करून, पॉवडर लावून तो माझ्यापुढे हजर. वर इंग्रजी स्पेलिंग, खाली मराठीत उच्चार, त्याखाली अर्थ. अँटिडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम. अर्थ: सरकारनं चर्चला दिलेला अधिकृत दर्जा काढून घेऊ नये, असं म्हणणाऱ्यांचं मत. आता मला सांगा, बोरिवलीच्या वसाहतीत सकाळी दुधाची पिशवी आणायला निघालेल्या माणसाला याचं काय करायचंय? पण रोकडेचा चेहरा असा खुललेला असायचा, की मी मुकाट लिहून घ्यायचो.

लोक काय, टिंगल करायचे. गोराईहून बोटीनं येणारी कृष्णाबाई कोळीण माझ्याखालीच टोपली मांडून बसते. ती म्हणायची, "रोकडे, तुजा शब्द माज्या वामापेक्षा लांब हाय रं! याचं तुकडं करून इकू का?" तर रोकडे तिलाच अर्थ समजावून सांगत बसायचा. तिची गिऱ्हाइकं खोळंबायची, सापासारखी लांब वाम मासळी तिकडे पडलेली, आणि हा आपला लॅटिन फोडून दाखवतोय.

सगळ्यात जास्त लाज वाटायची ती त्याच्या मुलीला, सपनाला. सपना मुलुंडला बँकेत आहे. सुयोग पगारे त्याच बँकेत. दोघांचं दोन वर्षांपासून जमलेलं. मला कसं माहीत? अहो, फोनवर बोलायला पोरगी माझ्याच आडोशाला यायची. सुयोगचं घर भांडुपला. वडील नाहीत, आई माणिक मॅडम, शाळेत हेडमिस्ट्रेस, इंग्रजी शिकवायच्या. मॅडम हो म्हणतील तर लग्न, नाहीतर सुयोग आईच्या शब्दाबाहेर जाणारा नव्हता. तसं तो स्पष्टच म्हणाला होता. म्हणजे पोरीचं सगळं त्या एका भेटीवर अडलेलं.

पोरगी बघायची ती भेट ठरली रविवारी, रोकडेच्या घरी, आणि शिवदासनं लगेच उजवीकडे सूचना लिहून टाकली. आदल्या दिवशी सपना बापाला म्हणाली, "बाबा, उद्या एक दिवस शब्द नको ना लिहूस. प्लीज यार."

"बरं," रोकडे म्हणाला.

आणि रविवारी सकाळी खडूची नवी पेटी घेऊन आला! "मॅडम इंग्रजीच्या आहेत," तो माझ्याशीच पुटपुटला. "त्यांना कळायला नको, की मुलगी कुठल्या घरातली आहे?" त्यानं इतकी वर्षं राखून ठेवलेला शब्द काढला. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस.

मित्रांनो, हा शब्द डॉक्टरांचा नव्हेच. कोडी सोडवणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी, डिक्शनरीत सगळ्यात लांब शब्द आपला असावा या हौसेनं तो जुळवला. हे रोकडेला माहीत होतं, मला माहीत होतं. बाकी कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

तो लिहायला लागला. 'मायक्रोस्कोपिक'पर्यंत येतायेताच पांढरी रेघ आली. मी म्हटलं, थांब बाबा, पुढे शिवदासची हद्द आहे. पण थांबतोय कुठला! रेघ ओलांडून शब्द थेट उजव्या चौकटीला भिडला. बरोबर शिवदासच्या सूचनेच्या डोक्यावर. मग अर्थाला जागा पुरेना. तेव्हा तारखात्यातला हात आपसूक चालला. जागा कमी पडली की छोटे शब्द उडवायचे! वरचं 'आजचा शब्द' पुसलं. 'अर्थ' गाळलं. दोन पावलं मागे जाऊन त्यानं मान तिरकी करून पाहिलं आणि स्वतःवरच खूश झाला.

आता माझ्या अंगावर काय उरलं, ते तुम्हीच वाचा. सगळ्यात वर तो अजस्र शब्द. डावीकडे: "ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ फुफ्फुसात साचून होणारा आजार." उजवीकडे: "सपना किरण रोकडे. रविवार, संध्याकाळी पाच. सर्वांनी वेळेवर उपस्थित राहावे. घरटी दोन खुर्च्या आणाव्यात."

पाचच्या आधीच रिक्षा आली. माणिक मॅडम उतरल्या, आणि त्यांच्याबरोबर सुयोगची आत्या, द्रौपदीबाई. सुयोग मागून बाइकवर येणार होता. त्याच वेळी शेजारपाजारचे लोक डोक्यावर खुर्च्या घेऊन, एकामागून एक, न बोलता रोकडेच्या घरात शिरत होते. न बोलता, कारण सपनाच्या आईनं सगळ्यांना दटावलं होतं, पाहुण्यांसमोर गोंधळ नको म्हणून.

आत्यांनी खुर्च्या पाहिल्या. मग मला पाहिलं. ओठ हलवत वाचलं. आणि मॅडमचा दंड पकडला.

"अगं बाई, माणिक! पोरगी गेली की काय?"

तेवढ्यात समोरच्या दारातून सपना बाहेर आली. हसून म्हणाली, "जय भीम आत्या! या ना."

आत्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आहे अजून," त्या मॅडमच्या कानात म्हणाल्या.

रोकडेचं दार माझ्या बरोबर समोर. उघडंच होतं. मला सगळं ऐकू येत होतं आणि एक शब्द बोलता येत नव्हता. या जन्माचा एवढाच एक ताप आहे.

रोकडेला कधी एकदा विषय काढतो असं झालेलं. "बाहेरचं वाचलंत ना मॅडम?"

"वाचलं," मॅडम हळूच म्हणाल्या.

"मग?"

"आम्हाला आधी सांगायला हवं होतंत."

"अहो, मग मजा काय राहिली असती!" रोकडे म्हणाला.

मग आत्यांचा आवाज. "किती वर्षं झाली याला?"

"तारखातं बंद पडलं तेव्हापासून."

"आणि तुम्ही असं चारचौघांत लिहून टाकता?"

"लपवायचं कशाला? उलट लोकांना माहिती होते!"

त्यातच सुयोग पोचला. माझ्याकडे न बघताच घाईघाईनं आत गेला. आणि नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात सपनाच्या आईनं वड्यांच्या ठेच्याला फोडणी दिली. लसूण-मिरचीचा असा ठसका उठला, की माझ्याही सांध्यात गेला. सपना ट्रे घेऊन दारातच होती. तिला जी उबळ आली, ती थांबेचना. आत्या पदर तोंडाला लावून ताडकन उठल्या. "आम्ही निघतो. वडे नकोत. बसू द्या पोरीला, बसू द्या."

सगळे बाहेर. माझ्यापुढे आल्यावर आत्यांनी सुयोगला थांबवलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. त्यानं वाचलं आणि तो हसायलाच लागला. "आत्या, अगं हा आजार नाही, शब्द आहे! सपनाचे बाबा रोज लिहितात. मला दोन वर्षांपासून माहितीये."

"दोन वर्षं!" आत्या कडाडल्या. "माणिक, ऐकलंस? पोराला दोन वर्षं माहितीये आणि आपल्यापासून लपवलं!"

एव्हाना रोकडेनं मला नीट वाचलं. उजवीकडून डावीकडे, डावीकडून उजवीकडे. त्याचा चेहरा पडला. "अहो मॅडम, हा आजार कुणाला होतच नाही! शब्द लांब व्हावा म्हणून जुळवलाय. आणि बोरिवलीत ज्वालामुखी कुठून येणार?"

"नॅशनल पार्कात डोंगर आहेत की," आत्या म्हणाल्या. त्यांचा काही विश्वास बसेना.

तेव्हा टोपली आवरता आवरता कृष्णाबाई उठली. "ओ बाय, ह्यो खरा बोलतंय. रोज लिवतो. मना पन एक येतो." आणि कमरेवर हात ठेवून तिनं सुरू केलं, "ऑनरिफि... फिका... बिलिटु... डिनि... टाटिबस! म्हंजे काय, मान मिलायची लायकी. गिऱ्हाईक लय घासाघीस करतंय ना, तेवा मी त्याला ह्यो शब्द मारते. गप पैसं देऊन जातो!"

खुर्च्या परत न्यायला आलेले लोक थांबले. शिवदास पुढे झाला. "मला अँटिडिस येतो. पूर्ण. कमिटीत कुणी बदल सुचवला की मी आधी हाच म्हणतो." तो म्हणाला आणि दोनदा अडखळला. मागून कुणीतरी सांगितलं, की लांब शब्दांची भीती वाटण्यालासुद्धा एक शब्द आहे आणि तो त्याहून लांब आहे, ज्याला भीती वाटते त्यानं डॉक्टरला सांगायचं कसं? दुसऱ्यानं तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला, तिसऱ्यानं त्याला दुरुस्त केलं, आणि भांडण लागलं. रोकडे सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षं ही माणसं त्याची टर उडवत होती. वाचतही होती, हे त्याला त्या दिवशी कळलं. मलाही तेव्हाच कळलं म्हणा.

आजाराचं भूत उतरलं. पण मॅडमचा चेहरा तसाच. पोरीच्या नावावर आजार लिहून ठेवणारं हे कसलं घर, असं त्यांना वाटत असणार, आणि मी त्यांना दोष देत नाही. आत्यांनी तोंडावरच सांगितलं, "रोकडे, हा तमाशा कायमचा बंद करणार असाल, तर पुढचं बोलू."

रोकडेनं क्षणभरही विचार केला नाही. डस्टर उचलला. "आजपासून बंद. पोरीपेक्षा शब्द मोठा नाही," म्हणाला, आणि उजव्या टोकापासून पुसायला लागला. एकेक अक्षर दोनदा पुसत होता. मला तो डस्टर असा कधी लागला नव्हता.

सपनानं त्याच्या हातातून तो काढून घेतला.

"नाही पुसायचं," ती म्हणाली. खोकून खोकून आवाज बसलेला. "मॅडम, मला याची लाज वाटते. कालच मी बाबाला लिहू नको म्हटलं होतं. आज जे झालं ती त्याचीच चूक आहे, आणि मी त्याच्यावर भयंकर चिडलेय. पण नोकरी गेल्यासारखी झाली तेव्हा हा माणूस घरात बोलायचा बंद झाला होता. जेव म्हटलं की जेवायचा, बस्स. या फळ्यावर पहिला शब्द लिहिला, त्या दिवशी घरी येऊन आईशी बोलला. हे बंद करून मी लग्न केलं ना, तर मला तुमच्या घरात सुखानं जेवण जाणार नाही. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

चालणार नव्हतं. बोलताना तिची नजर सुयोगवर होती, आणि डोळे भरून आले होते. सुयोग "आई..." एवढंच म्हणाला. त्या वेळी मला त्याला खाली पडून डोक्यात मारावंसं वाटलं.

मॅडमनी पर्स खांद्याला लावली. "कळवतो," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

मित्रांनो, बघायला आलेले पाहुणे 'कळवतो' म्हणाले की ते काय कळवतात, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. लोकांनी मुकाट्यानं खुर्च्या उचलल्या. या वेळी दटावावं लागलं नाही.

पुढचं सांगायच्या आधी उपदेश उरकून घेतो, कारण पुढचं सांगताना माझा आवाज चिरकतो. तुमच्याही घरात कुणीतरी असेल, ज्याला काहीतरी खूळ असेल. कुणी बंद घड्याळं जमवत असेल, कुणी झाडांशी बोलत असेल. त्याला हसा, हसायला माझी ना नाही. पण त्याच्या फळ्यावर ओलं फडकं मारू नका. ओल्या फडक्यानं रंग उडतो आणि मग त्या जागी पुन्हा खडू उमटत नाही. माझं अंग आहे, मला माहीत आहे. उपदेश संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोकडे आला नाही. माझी डावी बाजू कोरी. दुधाला जाणारे लोक सवयीनं थांबत, वर बघत आणि पुढे जात. कृष्णाबाईनं टोपली मांडली पण ओरडली नाही. सपना बँकेत गेली नव्हती, दारातच बसली होती.

आणि रिक्षा थांबली. माणिक मॅडम एकट्याच उतरल्या. शाळेत जायच्या कडक इस्त्रीच्या साडीत. सरळ माझ्यापुढे आल्या आणि वर्गात मारावी तशी हाक मारली.

"रोकडे! फळा कोरा का?"

रोकडे बनियनवरच धावत आला. मागून सपना.

"मॅडम, ते... मी बंद..."

"मी सांगितलं होतं बंद करायला?"

"आत्याबाईंनी..."

"लग्न माझ्या मुलाचं आहे, नणंदेच्या नाही." त्यांनी खडूसाठी हात पुढे केला. "उत्तर द्यायला आलेय. फोनवर देणार होते, पण म्हटलं, या घराचा कारभार फळ्यावर चालतो. मात्र आमचा शब्द अगदीच छोटा आहे. चालेल ना?"

रोकडेनं नुसता खडू पुढे केला.

मॅडमनी आधी 'आजचा शब्द' असं लिहिलं. काय हात! कितीतरी वर्षांनी माझ्यावर कुणी असं सुरेख, सरळ रेषेत लिहीत होतं. मग त्याखाली, पांढऱ्या रेघेपासून लांब, आपल्या जागेत, एकच अक्षर काढलं.

हो.

सपना तोंड दाबून खाली बसली. कृष्णाबाईनं शिटी मारली, टोपलीवरून उठून. मॅडमनी त्याखाली 'अर्थ' असं लिहिलं आणि खडू रोकडेच्या हातात दिला. "अर्थ तुम्ही लिहा. रोजचं काम तुमचं."

रोकडेनं खडू माझ्या अंगावर टेकवला. टेकवला तो तसाच राहिला. त्याचं कपाळही माझ्यावर टेकलं, आणि तो रडायला लागला. मी टेकू दिला.

अर्थाची जागा त्या दिवशी कोरीच राहिली. कुणी विचारलाही नाही.